गाडी उभी कुठे राहणार?

आमची पहिली गोल्फ कार्ट पेट्रोलची होती आणि ती उभ्या उभ्या खराब झाली. दुसरी बॅटरीची आली, तिच्या बॅटऱ्यांचा पहिला संचही उभ्या उभ्याच गेला. कोर्सवर या गाड्यांनी आम्हाला फारसा त्रास दिला नाही. चढ चढायच्या, वळणं घ्यायच्या, बाबांना अलगद ग्रीनजवळ, म्हणजे चेंडू ज्या भोकात घालायचा त्याभोवतीच्या बारीक गवताजवळ, आणून सोडायच्या. जे काही बिघडलं ते शेडमध्ये, दार लावून आम्ही आपापल्या कामाला लागलेलो असताना.

म्हणून कुणी मला "पेट्रोलची घेऊ की इलेक्ट्रिक?" असं विचारलं, की मी आधी विचारते, "गाडी उभी कुठे राहणार? आणि तिच्याकडे बघणार कोण?" समोरच्याला वाटतं मी उत्तर टाळते आहे. पण हिशेब करून बघा. आम्ही आठवड्यातून दोनदा खेळतो, एका वेळी साधारण चार तास. आठवड्याच्या १६८ तासांपैकी ८ तास गाडी चालते आणि १६० तास उभी असते. विकणारा आपल्याला त्या ८ तासांबद्दल भरभरून सांगतो. वेग किती, चढ कसा घेते, एका चार्जमध्ये किती होल (मैदानाचे टप्पे, एका फेरीत अठरा) होतात. उरलेल्या १६० तासांचं नाव कुणी काढत नाही, आणि गाडीचं आयुष्य ठरतं ते त्या तासांत.

आमच्याकडे कार्ट आली ती बाबांच्या गुडघ्यांमुळे. बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. सत्तरी उलटेपर्यंत ते अठरा होल चालत खेळायचे, बॅग स्वतःच्या खांद्यावर. मग गुडघ्यांनी असहकार पुकारला. कार्ट घेऊया म्हटल्यावर ते चिडलेच. "गाडीत बसून खेळायचं तर त्याला खेळ कशाला म्हणायचं?" आठवडाभर या विषयावर घरात कुणी बोललं नाही. शेवटी मी त्यांना केसी मार्टिनबद्दल सांगितलं. हा अमेरिकन व्यावसायिक खेळाडू. उजव्या पायात जन्मापासून रक्ताभिसरणाचा विकार, त्यामुळे अठरा होल चालणं त्याच्यासाठी दुखण्याचं आणि धोक्याचंही होतं. स्पर्धेत कार्ट वापरू द्यावी म्हणून तो पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेविरुद्ध न्यायालयात गेला आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला. या खेळाचा गाभा फटका मारण्यात आहे, चालण्यात नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बघ मग एखादी."

गाडी दादानं निवडली. दादा इंजिनातला माणूस. कुठलंही यंत्र समोर आलं की त्याचा हात आधी झाकण उघडायला जातो. त्यानं जुनी पेट्रोलची कार्ट आणली, २९५ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, टाकी २२ लिटरची. मी इलेक्ट्रिकचं नाव काढलं तर म्हणाला, "बॅटरी ही नवी फॅशन आहे, टिकायची नाही." मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण नंतर वाचलं की गोष्ट नेमकी उलटी आहे. कोर्सवर आलेल्या सुरुवातीच्या कार्ट बॅटरीच्याच होत्या. कॅलिफोर्नियात मर्ल विल्यम्स यांनी १९५१ मध्ये विजेवर चालणाऱ्या कार्ट बनवून विकायला सुरुवात केली, आणि त्या कामाचा अनुभव त्यांना युद्धकाळातल्या पेट्रोलटंचाईत विजेच्या गाड्या बनवताना मिळाला होता. हार्ले-डेव्हिडसन टू-स्ट्रोक इंजिनाची तीनचाकी कार्ट घेऊन या धंद्यात उतरली ती १९६३ मध्ये. लेड-ॲसिड (शिसं आणि आम्लाची) बॅटरी तर १८५९ सालची, गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाची. तेव्हा नवं-जुनं या निकषावर दोन्हींपैकी एकही निवडता येत नाही.

तरीही त्या वेळी दादाची निवड बरोबर होती, हे मी आजही म्हणेन. आमची शेड घरापासून लांब, आवाराच्या टोकाला होती. तिथे विजेची तार पोचलेली नव्हती, दिवासुद्धा नव्हता. बॅटरीची गाडी तिथे ठेवली असती तर चार्ज कशावर करणार? आणि दुसरं म्हणजे दादा घरी होता. दर शंभर तासांनी ऑइल, वेळच्या वेळी प्लग आणि एअर फिल्टर, बेल्टला चिरा पडल्यात का ते बोटानं चाचपून बघणं, सगळं तो आपणहून करायचा. एखाद्या आठवड्यात खेळणं झालं नाही तरी रविवारी जाऊन गाडी आवारात फिरवून आणायचा, इंजिन चांगलं तापेपर्यंत. शेडचं दार आधी सताड उघडायचा, कारण बंद जागेत इंजिन चालू ठेवलं की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वासही नसतो. या शिस्तीवर ती जुनी गाडी चार वर्षं तक्रार न करता चालली.

पेट्रोलची कार्ट ज्यांनी चालवलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. चावी फिरवल्यावर काहीच होत नाही. पेडल दाबलं की स्टार्टर इंजिन फिरवतो, इंजिन पेटतं, जरा वेग घेतं, मग क्लच बेल्टला आवळून धरतो आणि गाडी छोटासा हिसका देऊन निघते. पेडलवरून पाय काढला की इंजिन बंद. परत निघायचं तर परत हेच सगळं.

आवाज तसा फार मोठा नव्हता, पण इंजिन अगदी सीटखाली. बाबांच्या कानाला मशीन आहे. माझं बोलणं आणि इंजिनाची घरघर, दोन्ही ते मशीन सारखंच मोठं करायचं. मी काही बोलायला लागले की बाबा पंजा वर करायचे. मी पाय काढायचे, इंजिन थांबायचं, मी वाक्य पुरं करायचे, पुन्हा पेडल. चार वर्षं आम्ही कोर्सवर असंच बोललो, तुकड्यातुकड्यांनी. शेजारच्या ग्रीनवर कुणी पट (चेंडू भोकात ढकलायचा हलका फटका) मारायच्या तयारीत असेल तर मी गाडी बरीच अलीकडे थांबवायचे आणि बाबा तेवढं अंतर काठी टेकत चालायचे. गुडघ्यांसाठी घेतलेली गाडी, आणि तिच्या आवाजापायी गुडघ्यांनाच चालायला लागायचं. मला ते फार लागायचं.

मग दादाला नोकरीसाठी दूर जावं लागलं. त्याच वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या सगळ्या धावपळीत गाडी सात महिने शेडमध्ये उभी राहिली, टाकीत निम्मं पेट्रोल तसंच ठेवून. बाबा हिंडूफिरू लागल्यावर मी पेडल दाबलं. स्टार्टर फिरत राहिला, इंजिन काही पेटेना.

दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे कार्बोरेटर (पेट्रोल हवेत मिसळणारा भाग) खोलला. फ्लोटखालची वाटी काढली तर तिच्या तळाशी डिंकासारखा चिकट, पिवळा-हिरवट थर बसलेला. पेट्रोलचा वास नव्हताच, जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास येत होता. दादा म्हणाला, "जेट काढ आणि उजेडासमोर धर." सुईच्या टोकाएवढं भोक असतं त्या पितळी जेटला. मी तो खिडकीसमोर धरला, डोळा बारीक करून बघितलं. पलीकडचा उजेड दिसेना.

पेट्रोल नुसतं पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेलं घट्ट होत जातं. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतला ओलावा ओढतं, पाणी तळाशी बसतं आणि धातूला खातं. यावरचा उपाय सोपा आहे. गाडी महिना-दोन महिन्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर ताज्या पेट्रोलमध्ये ते टिकवणारा स्टॅबिलायझर घालायचा, इंजिन थोडा वेळ चालवून तो कार्बोरेटरपर्यंत पोचवायचा आणि टाकी भरून ठेवायची. दहा मिनिटांचं काम. पण ते करायला माणूस लागतो आणि आमचा माणूस गेला होता. जेट साफ केला, गाडी सुरूही झाली, पण पुढचे सहा महिने रोज काहीतरी निघत राहिलं. आधी फ्युएल पंपाचा पडदा कडक झालेला, मग फ्लोटची सुई गळायला लागली. शेवटी स्वतः दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांना ती देऊन टाकली. त्यांच्याकडे ती आजही उत्तम चालते आहे आणि मला त्याचा आनंद आहे.

तोवर शेडमध्ये वीज आली होती. मी इलेक्ट्रिक घेतली, तीही वापरलेलीच. आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या, मिळून ४८ व्होल्ट. (काही गाड्यांत सहा व्होल्टच्या सहा असतात, त्या ३६ व्होल्टच्या.) पहिल्या दिवशी पेडल दाबलं, सीटखाली सोलेनॉइडचा, म्हणजे विजेच्या खटक्याचा, 'टक्' असा आवाज आला आणि गाडी निघाली. बस, एवढंच. दुसऱ्या होलला जाताना बाबांनी एकदम माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "फवारे लागलेत कुठेतरी." खरंच, डावीकडे दूरच्या फेअरवेवर (होलच्या मधल्या हिरवळीवर) पाण्याचे फवारे टिकटिक करत फिरत होते. चालत्या गाडीत बाबांना ते ऐकू आलं होतं. त्या दिवशी बाबा अखंड बोलत होते. त्यांच्या नोकरीतल्या पहिल्या साहेबांबद्दल, आईशी झालेल्या पहिल्या भांडणाबद्दल, मी कधीही न ऐकलेलं कितीतरी. अठराव्या होलला पोचलो तेव्हा मला आमचा स्कोअर सांगता आला नसता.

पण पुढच्या चौदा महिन्यांत त्या सहाही बॅटऱ्या मी घालवल्या.

मी त्या गाडीला मोबाइलसारखं वागवलं. चार्ज संपत आला की लावू, तोवर राहू दे. नऊ होल खेळून आलो तर चार्जर लावायचेच नाही. लेड-ॲसिड बॅटरीला हे अजिबात चालत नाही. चार्ज खर्च होतो तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच चार्ज केलं तर ते परत विरघळतं. बॅटरी तशीच अर्धीमुर्धी ठेवली तर त्याचे खडे कडक होत जातात आणि तेवढी प्लेट कायमची निकामी होते. म्हणून नियम असा, की दोन होल खेळा किंवा छत्तीस, परत आल्यावर चार्जर लावायचा आणि तो पूर्ण होऊ द्यायचा.

दुसरी चूक आकडा वाचण्याची. मी शेडमध्ये मीटर लावून बघायचे, ४८ आला की निश्चिंत. गाडी ४८ व्होल्टची, आकडा ४८, म्हणजे सगळं ठीक. प्रत्यक्षात असा संच पूर्ण भरून काही तास शांत ठेवलेला असेल तर मीटर जवळपास ५०.९ दाखवतो. ४८.४ च्या आसपास आला म्हणजे निम्मा चार्ज संपलेला असतो, आणि लेड-ॲसिड निम्म्याखाली नेऊ नये असं सहसा सांगतात. मी ज्या आकड्यावर खूश होते तो धोक्याचा होता. नावातल्या ४८ नं मला फसवलं.

तिसरी चूक पाण्याची, आणि तीच जिवावर बेतली. चार्ज होताना या बॅटऱ्यांमधल्या पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडत राहतो. (म्हणून चार्जिंगची जागा हवेशीर लागते. हवेत चार टक्क्यांवर हायड्रोजन साठला की ठिणगी पुरते.) एक दिवस सोळाव्या होलच्या चढावर गाडी मंदावत मंदावत थांबली. मागून पेट्रोलची कार्ट घेऊन आलेल्या दोघांनी दोरी बांधून आम्हाला क्लबपर्यंत आणलं. त्यांच्यातल्या एकानं आधी सीट उचलून आतला खटका 'रन'वरून 'टो'वर केला. तो तसा केला नाही तर ओढताना मोटर उलटी वीज बनवते आणि मोटरची वीज सांभाळणारा कंट्रोलर जळू शकतो, हे मला त्यांनी तिथेच समजावलं. पेट्रोलच्या गाडीबद्दल मी काहीही लिहिलं तरी त्या दिवशी परत आणलं ते तिनंच.

घरी येऊन मी बॅटऱ्यांची झाकणं उघडली. प्रत्येक बॅटरीत चार सेल, म्हणजे कप्पे, एकूण चोवीस. टॉर्च मारून एकेका सेलमध्ये डोकावले. त्यातल्या नऊ सेलमध्ये प्लेटांची टोकं पाण्याच्या वर आलेली होती. कोरडी, करडी-पांढरी, कडा भुरभुरीत झालेल्या. बाजूच्या टर्मिनलवर बुरशीसारखा हिरवट-पांढरा क्षार चढलेला. मी त्यांना चौदा महिन्यांत एकदाही पाणी घातलं नव्हतं.

नवीन संच घेतला, त्याला आता पाचवं वर्ष चालू आहे, आणि या वेळी नियम कडक. एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. वापरलेली गाडी घेणार असाल तर रंग आणि सीट बघण्याआधी बॅटऱ्यांवरचा शिक्का वाचा. अनेक लेड-ॲसिड बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर किंवा कडेला एक अक्षर आणि एक आकडा ठोकलेला असतो. अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी असं, आणि आकडा वर्षाचा शेवटचा. मी तो बघितला असता तर माझ्या पहिल्या संचाचं वय मला घेतानाच कळलं असतं. आणि सहापैकी एकच बॅटरी गेली म्हणून एकच नवी टाकायचा मोह होतो, तो आवरा. जुन्या पाच तिला आपल्या वयाला आणून बसवतात.

लोक म्हणतात इलेक्ट्रिकमध्ये दम नाही. यावर मला एक हिशेब फार आवडतो. आठ व्होल्टची, १७० अँपिअर-अवरची (हे साठवणुकीचं माप) एक बॅटरी साधारण २९ किलो भरते. सहांचं वजन पावणेदोनशे किलो, आणि त्यात साठते सुमारे ८ युनिट वीज. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोचंही भरत नाही आणि त्यात जवळपास ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे आम्ही सीटखाली पावणेदोनशे किलो शिसं घेऊन हिंडतो ते बाटलीभर पेट्रोलाइतक्या ऊर्जेसाठी. पहिल्यांदा हे आकडे मांडले तेव्हा मी बराच वेळ कागदाकडे बघत बसले होते. पण छोटं इंजिन त्या ऊर्जेतला मोठा भाग उष्णता करून हवेत सोडतं, आणि विजेची मोटर मिळालेल्यातलं बहुतेक सगळं चाकाला देते. शिवाय मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते, बेल्ट आवळायची वाट बघत नाही. चढावर जागच्या जागी उभी राहून निघायचं तर माझा भरवसा मोटरवर आहे. आणि उतारावर आमची मोटर उलटी वीज बनवत गाडीला धरून ठेवते, बाबांना पुढचा दांडा घट्ट पकडावा लागत नाही.

हा हिशेब पेट्रोलच्या बाजूनंही वाचता येतो आणि तो तसाही खरा आहे. बाटलीभर पेट्रोल दोन मिनिटांत ओतता येतं. ८ युनिट वीज भरायला रात्र जाते. माझी एक मैत्रीण मोठ्या जमिनीची देखभाल बघते. तिची गाडी सकाळी सातला निघते ती अंधार पडल्यावरच थांबते, मागे माती, पाइप, रोपं लादलेली, आणि उभी राहते ती जिथे तार जाणं शक्यच नाही अशा ठिकाणी. इंजिनाचं सगळं ती स्वतः करते, हात काळे करायला तिला आवडतं. तिनं मला विचारलं तेव्हा मी बिनदिक्कत सांगितलं, पेट्रोलचीच घे. फ्युएल इंजेक्शनवाली मिळाली तर आणखी चांगलं, थंड इंजिन चटकन पेटतं आणि कार्बोरेटरचा जेट तुंबणं वगैरे भानगड उरत नाही. दिवसभर चालणाऱ्या गाडीतलं पेट्रोल शिळं व्हायला वेळच मिळत नाही. तिची गाडी दिवसभर चालते, आमची आठवडाभरात मिळून ८ तास. दोघींना एकच उत्तर कसं लागू पडेल?

थंडीचंही सांगायला हवं. पारा शून्याजवळ गेला की लेड-ॲसिडची क्षमता पाचव्या हिश्श्यानं तरी घटते. उन्हाळ्यात ताकद भरपूर मिळते, पण सततची उष्णता आयुष्य खाते. शेडला सावली नसेल तर आधी सावली करा.

आता लिथियमची बॅटरी. गेले दोन महिने आमच्या घरात हाच विषय आहे, कारण पाचव्या वर्षात माझे आकडे उतरायला लागले आहेत. पूर्वी दोन फेऱ्या आरामात व्हायच्या, आता सत्ताविसाव्या होलनंतर पेडलखाली मऊपणा जाणवतो. दादा, जो बॅटरीला फॅशन म्हणायचा, तोच आता फोनवर मला लिथियम पटवतो आहे. त्याचं म्हणणं खोटं नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचा संच ५१.२ व्होल्टचा असतो. शंभर अँपिअर-अवरचा घेतला तरी वजन पन्नासेक किलो, म्हणजे गाडी सव्वाशे किलोनं हलकी होणार आणि ओल्या गवतावर चाकं कमी रुतणार. पाणी नाही, बुरशी नाही, अर्धवट चार्जवर महिनाभर ठेवली तरी कुरकुर नाही. लेड-ॲसिडसारखी हळूहळू मंदावत नाही, शेवटपर्यंत त्याच जोरात चालते, आणि आतल्या सर्किटनं मर्यादा आली असं ठरवलं की मात्र एकदम थांबते. चार्जर नवा घ्यावा लागतो आणि शून्याखालच्या तापमानात चार्ज करायची नाही, एवढं पथ्य. सुरुवातीचा खर्च जास्त, पण ती वर्षंही जास्त चालते.

ज्याला गाडी उभी करून विसरून जायचं आहे त्याला मी लिथियमच सांगेन. पेट्रोल विसरलं की आंबतं आणि शिशाची बॅटरी विसरली की मरते. विसरभोळ्या मालकाला निभावून नेणारी या तिघांत हीच एक.

"मग तुझं अडतंय कुठे?" दादानं परवा विचारलं. मी म्हटलं, "रविवारी सांगते."

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही बॅटऱ्या तपासतो. रात्रभर चार्ज करून चार्जर काढून ठेवलेला असतो. पाणी चार्ज झाल्यावरच घालायचं, आधी घातलं तर चार्ज होताना आम्लाची पातळी वाढून ते बाहेर सांडतं. मी चष्मा आणि रबरी हातमोजे घालते, झाकणं ओळीनं फडक्यावर मांडते. हायड्रोमीटर आम्लाची घनता मोजतो, चार्ज कमी तर आकडा कमी. त्याचा फुगा दाबून सोडला की काचेच्या नळीत आम्ल चढतं आणि आतला तरंगता काटा डुलत डुलत स्थिर होतो. बाबा स्टुलावर बसून टॉर्च धरतात. मी आकडा वाचते, ते वहीत लिहितात. चोवीस सेल, चोवीस आकडे, एका खाली एक. नंतर नळीच्या बाटलीनं डिस्टिल्ड वॉटर, प्लेटांच्या वर आणि झाकणाच्या गळ्याच्या जरासं खाली येईल एवढंच. मग टर्मिनल सोड्याच्या पाण्यानं पुसून कोरडे करायचे. झाकणं लावून झाली की बाबा वही मिटून खिशात ठेवतात. ही वही या संचापासूनची आहे. साडेचार वर्षांचे आकडे त्यांच्या अक्षरात त्यात आहेत, आणि कुठला सेल कधीपासून मागे पडायला लागला हे ते वही न उघडता सांगतात.

या रविवारी पहिले सोळा सेल १.२६ ते १.२७ मध्ये आले, वयाच्या मानानं चांगलेच. सतराव्याला नळी वर धरली तर काटा खोल बुडालेला. मी पुन्हा घेतला.

"१.१९५," मी म्हटलं.

"मागच्या महिन्यात १.२१५ होता," बाबा म्हणाले. "हा आता धरत नाही. पाचवी बॅटरी. म्हणजे संच बदलायला आला."

संध्याकाळी दादाचा फोन आला. मी त्याला सांगितलं, परत शिशाच्याच घेते आहे, आठ व्होल्टच्या सहा. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "बाबांशी बोललीस का?" मी शेडकडे बघितलं. बाबा आत होते. नव्या वहीचं पहिलं पान उघडून, पट्टी धरून, चोवीस ओळी आखत होते.